ओ आल्याशिवाय

डिंपलचं दुकान भंडाऱ्याच्या बाजारात, दोन भांडेवाल्यांच्या मधोमध कोंबलेलं आहे. दिवसभर दोन्ही बाजूंनी पितळेची ठोकाठोक चालते आणि मधे ही बाई कानात बोळे घालून राइस मिलवाल्यांची, खतवाल्यांची कॉम्प्युटरं एकमेकांना जोडत बसते. कोणाचं गोदाम तुमसरला आणि गल्ला भंडाऱ्यात, कोणाचा कॅमेरा पवनीत आणि मालक नागपुरात. अशा लोकांना ती बोगदा टाकून देते. तोच तो व्हीपीएन, ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि अर्थ विचारला की सगळे घड्याळाकडे बघतात.

गिऱ्हाईक फारच मागे लागलं, की ती समजावून सांगते. मोबाइलचं नेट म्हणजे भररस्ता. त्यावरून चाललेलं काहीही येणारा-जाणारा वाचू शकतो. म्हणून आपलं बोलणं आधी कुलपाच्या पाकिटात घालायचं आणि ते पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात. बाहेरच्या पाकिटावर फक्त या टोकाचा पत्ता नि त्या टोकाचा पत्ता. रस्त्यावरच्या माणसाला एवढंच दिसतं, की काहीतरी गेलं. पलीकडे पोचल्यावर बाहेरचं पाकीट फाडायचं, आतलं किल्लीने उघडायचं. रस्ता सगळ्यांचाच, पण त्याच्या पोटातून आपली वेगळी वाट. मग शेवटी ती दम भरते.

"किल्ली कोनाले द्यायची नाई. एक मानूस, एक किल्ली. हा बोगदा तोंड पाहत नाई. ज्याच्यापाशी तुमची किल्ली, तो त्याच्यासाठी तुम्हीच."

हा नियम तिने स्वतः मोडला होता, आणि तोही सख्ख्या भावासाठी.

करडीच्या पुढे खैरटोला म्हणून लहानसं गाव आहे. गावाच्या डोक्यावर जुना तलाव, तलावाला मातीची पाळ आणि पाळीच्या पोटातून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे बांध घातलेल्या शेतांकडे, पाणी सोडायला दगडी मोरी. माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी. तिच्या तलावाकडच्या तोंडाला तुडूम म्हणतात, त्यावर लोखंडी झडप आहे. कोणाच्या बांधीला कधी नि किती पाणी हे बघणारा तो पाणकर. खैरटोल्याचे पाणकर म्हणजे डिंपलचे वडील, देवाजी.

देवाजींची पद्धत आजोबा-पणजोबांपासूनची. पाणी सोडायच्या आधी पाळीवरून हाक द्यायची, "पानी सुटतेऽऽ होऽऽ!" खाली मोरी जिथे उघडते त्या वळणावर एक माणूस उभा असणार. त्याने मोरीत वाकून बघायचं, नालीत बघायचं, कोणी मासे धरायला उतरलंय का, कोणी गाळ काढतंय का, आणि मगच ओ द्यायची, "येऊ द्याऽऽ!" ओ आल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही. ओ आली की वीतभर उचलायची, पुन्हा हाक, पुन्हा ओ. ओ नाही आली तर उचललेली झडपसुद्धा परत खाली. यात कोणी घाई केली, तर देवाजी त्याला पाळीवरून हाकलून देत, मग तो सरपंच का असेना.

मग गावात मोटर आली. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ अर्धा आठवडा भंडाऱ्यात कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या बाकावर असतात. तिथे बसून मोबाइलवरून तलाव सोडायची त्यांना भारी हौस. झडपेला मोटर लागली, पाळीवर सिमकार्डाची पेटी आणि वर सौर प्लेट बसली. पण पेटीला उघड्या रस्त्यावरून हुकूम येऊ दिले, तर एखादं टवाळ कार्टं सगळा तलाव वाहवून देईल. म्हणून डिंपलने बोगदा टाकला. त्याला तीन टोकं: पेटी, भूपेंद्रभाऊंचा मोबाइल, देवाजींचा मोबाइल. मधलं ठाणं भंडाऱ्यात, तिच्या दुकानात. सगळी पाकिटं तिथूनच जाणार-येणार.

"तुयं दुकान म्हंजे वाट," देवाजींनी अट घातली होती. "वाटेनं हुकूम देऊ नाई. आनि माया ओ बिगर तुयी मोटर फिरली, त मी तिले उचलून तलावात फेकीन."

तिने तसंच केलं. हुकूम आला की पेटी बोगद्यातून पाणकराला विचारणार, "सोडू?" देवाजी आता स्वतः वळणावर उभे राहत. मोरीत वाकून बघत, नालीत बघत आणि मग मोबाइलवर "येऊ द्या" दाबत. वीतभर झडप उचलून पेटी पुन्हा विचारी. उत्तर नाही आलं तर झडप खाली. खुद्द बोगद्याचंही असंच असतं, हे डिंपलने बाबांना कौतुकाने सांगितलं होतं. एक टोक हाक देतं, दुसरं ओ देतं, दोघांच्या किल्ल्यांमधून थोड्या वेळापुरती एक नवी किल्ली तयार होते, आणि मगच बोलणं सुरू. थोड्या वेळाने ती किल्ली टाकून द्यायची, पुन्हा हाक, पुन्हा ओ. बोलायला काही नसलं, तरी टोकाने मधूनमधून एक रिकामं पाकीट धाडायचं, म्हणजे वाट बुजत नाही. त्या पाकिटात काही नसतं. मी आहे, एवढंच.

देवाजींनी सगळं ऐकून घेतलं होतं. "मंग यात तुमी नवं का केलं?" एवढंच विचारलं होतं.

त्या पावसाळ्यात पाळीवरून त्यांचा पाय घसरला. दुपारपर्यंत देवाजी सापडले. हातातला मोबाइल नाही सापडला. तुडुमापाशी तलाव खोल आहे, गाळ गळ्याएवढा. कोणी शोधलाही नाही. सिमकार्ड डिंपलने स्वतः मृत्यूचा दाखला दाखवून बंद केलं.

पाणकरकी मंगेशकडे आली, तिच्या धाकट्या भावाकडे. इथे तिने दोन चुका केल्या. एक म्हणजे मंगेशसाठी नवी किल्ली न करता बाबांचीच त्याच्या मोबाइलमध्ये घातली. नवी करायची तर यादीतलं "देवाजी" हे नाव खोडावं लागलं असतं, आणि दहाव्याचा मुंडण केलेला भाऊ समोर बसलेला असताना तिची बोटं त्या बटणाकडे वळेनात. दुसरी चूक मंगेशच्या हट्टापायी झाली. "ताई, हुकूम मीच देतो, मंग ओ पन मीच देऊ का? येड्यासारका!" त्याचं म्हणणं खरंच वाटलं तिला. तिने मोबाइललाच शिकवून ठेवलं, की पेटीने विचारलं आणि मोबाइल बोगद्यात जिवंत असला, तर आपणहून "येऊ द्या" म्हणायचं. माणसाने बघायची गरज संपली.

धान पोटरीत आलं, पाण्याची ओढ लागली आणि मंगेशचा फोन आला.

"ताई, तुया बोगद्याले का झालं? मी हुकूम देतो त मोटर फिरत नाई. बसून राहा, बसून राहा, आनि मंग आपल्या मनानं फिरते."

"रेंज नसन तिथं."

"रेंज भरून हाये. दोनदा झालं असं."

डिंपलने दुकानातल्या ठाण्याची यादी उघडली. प्रत्येक टोकाच्या नावापुढे तिथे दोन गोष्टी दिसतात: ते शेवटचं कुठून बोललं, आणि शेवटची भेट कधी झाली. "देवाजी"पुढे मंगेशच्या मोबाइलचा पत्ता होता. ती बघत होती तेवढ्यात तो बदलला. दुसराच पत्ता आला, करडीकडच्याच टॉवरचा. थोड्या वेळाने पुन्हा मंगेशचा. मग पुन्हा तो दुसरा.

या बोगद्याला पत्त्याशी घेणंदेणं नसतं. माणूस घरून शेतात गेला, शेतातून बाजारात गेला, पत्ता बदलला, तरी किल्ली तीच असली की तो ओळखतो, आणि जिथून शेवटची हाक आली तिथे उत्तर धाडतो. सोयीचं आहे ते. पण एका किल्लीचे दोन धनी झाले, तर शेवटी बोलेल त्याच्याकडे सगळं जातं आणि दुसरा ताटकळत राहतो. पेटीचा प्रश्न कधी मंगेशकडे जात होता, कधी त्या दुसऱ्याकडे. मंगेशचा मोबाइल लगेच हो म्हणत होता. तो दुसरा मात्र वेळ घेत होता.

"किल्लीची नक्कल कोनाले देल्ली का रे?" तिने विचारलं.

"मले त किल्ली कुठं असते तेच मालूम नाई, देऊ का?"

म्हणजे चोर. खालच्या गावचा कोणीतरी, आपल्या बांधीला पाणी ओढायला बसलेला, असं तिने स्वतःला पटवलं. ती किल्ली मंगेशशिवाय आणखी एकाच मोबाइलमध्ये होती, हे तिला माहीत होतं. तो मोबाइल कुठे आहे, हेही माहीत होतं. पण कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या बाईने असल्या गोष्टीचा विचार करायचा नसतो, आणि तिने तो केला नाही.

रविवारी ती स्कूटी काढून खैरटोल्याला गेली. मंगेशच्या मोबाइलमधून जुनी किल्ली काढली, नवी घातली. मंगेशची बायको टीना चहा घेऊन आली. माय, शकुंतलाबाई, दारात सूप घेऊन बसली होती.

"बरं झालं त्या दिवशी मोटर नाई फिरली," माय सुपातून मान वर न करता म्हणाली. "मी मोरीच्या तोंडाशीच पाय धुऊन राहिल्ती."

"आनि त्याच्या आंधी शेजारच्या राजकुमारची पोरं," टीना म्हणाली. "नालीत मासे धरून राहिल्ते सगळे."

डिंपलने मान डोलावली आणि मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवत राहिली. ऐकलं तिने, पण कानाच्या आत गेलं नाही. तिचं डोकं चोरात होतं. एवढंच करायचं राहिलं होतं, की दुकानात जाऊन जुनी किल्ली यादीतून काढायची आणि पाणकराचा आतला नंबर नव्या किल्लीला द्यायचा. बोगद्याच्या आत प्रत्येक टोकाला घर नंबर असतो. पेटी तो नंबर बघून प्रश्न धाडते, आणि एका नंबरावर एकच किल्ली राहू शकते.

सोमवारी दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली आणि तिने "देवाजी" हे नाव निवडलं. काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिला फार वाईट वाटलं. चोर आहे, चोर आहे, असं मनात म्हणत तिने हो केलं. नाव गेलं. त्या जागी "मंगेश" आलं.

मग तिला मजा बघायची खुमखुमी आली. ठाण्याच्या दारावर येणारं प्रत्येक पाकीट दाखवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो तिने सुरू केला. आणि खरंच, तो दुसरा पत्ता हाक देत होता. हाकेचं पाकीट नेहमी एकाच मापाचं असतं, त्यामुळे ओळखू येतं. एक आलं, थोडं थांबून दुसरं आलं. अनोळखी किल्लीला हे दार उत्तरच देत नाही. नाही म्हणत नाही, कोण म्हणून विचारत नाही. इथे दार आहे, हेसुद्धा बाहेरच्याला कळू देत नाही. "मार हाका," डिंपल पडद्याला म्हणाली. "मार किती मारतं त."

हाका येत राहिल्या. ठरावीक दमाने, न चिडता. शेजारची ठोकाठोक जेवणासाठी थांबली होती, दुकानात पंख्याचा तेवढा आवाज होता. बघता बघता तिचं हसू मावळलं. चोराला आपली किल्ली चालत नाही हे कळलं, की तो दुसरी युक्ती करतो, नाहीतर निघून जातो. हा तर जागचा हलत नव्हता.

तेवढ्यात भूपेंद्रभाऊंचा हुकूम ठाण्यातून गेला. खालच्या बांध्यांवाल्यांनी फोन करून त्यांचं डोकं खाल्लं असणार, आणि त्यांनी बसल्या जागेवरून बटण दाबलं. पेटीने पाणकराला विचारलं. "मंगेश" या टोकाने लगेच उत्तर दिलं. मोटर सुरू झाली.

आणि दारावरच्या हाका बदलल्या.

एकावर एक येऊ लागल्या. यंत्र असं करत नाही. यंत्राला दोन हाकांमध्ये थांबायची शिस्त घालून दिलेली असते, उत्तर येवो न येवो. इथे तर ओळीवर ओळ, पडदा वर सरकतोय, सरकतोय, थांबतच नाही. कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडावं आणि समोरच्याने ढिम्म बसावं, तसं होतं ते. समोरची ढिम्म ती स्वतःच होती.

पाय धुऊन राहिल्ती. मासे धरून राहिल्ते. मायचं आणि टीनाचं बोलणं आता कुठे तिच्या कानाच्या आत गेलं. मोटर फिरली नाही, तेव्हा तेव्हा खाली कोणीतरी होतं.

तिने मंगेशला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. टीनाला लावला.

"मंगेश कुठं हाये?"

"तलावावर गेले जी. मोरीत बेशरमची मुळं अडकली म्हनत होते, पानी धड येत नाई. ते काढाले आत..."

"पाळीवर पळ! आत्ता! झडप उघडून राहिली!"

पुढचं तिने विचार करून केलं नाही. दुकानाला हुकूम द्यायचा हक्क नव्हता. बाबांनीच तो ठेवला नव्हता. तिला एकच गोष्ट सुचली. काढलेली किल्ली तिने परत टाकली, नावाच्या जागी "देवाजी" लिहिलं आणि पाणकराचा घर नंबर मंगेशकडून काढून त्याला दिला. घाईत नाव दोनदा चुकलं.

एंटर दाबताक्षणी हाका थांबल्या. एक हाक, एक ओ. देवाजी. शेवटची भेट: आत्ता.

वीतभर झडप वर गेली होती. पेटीने रिवाजाप्रमाणे पुन्हा विचारलं, "सोडू?" प्रश्न देवाजींकडे गेला. उत्तर आलं नाही. पेटीने वाट पाहिली, पुन्हा विचारलं, पुन्हा वाट पाहिली. मग मोटर उलटी फिरली आणि झडप खाली बसली.

काय झालं ते टीनाने नंतर सांगितलं. मंगेशचा सदरा पेटीच्या खुंटीला लटकलेला, खिशात मोबाइल वाजत होता. मंगेश मोरीत मधोमध पोटावर पडून मुळं उपसत होता. पाण्याचा लोट आला तसा तो मागे फेकला गेला, खांदा दगडावर आदळला, पाय मुळांत गुंतला. पाणी नाकाला लागलं होतं. अजून एक वीत झडप उचलली असती, तर तो तिथेच राहिला असता. पाणी अचानक ओसरलं. टीनाने पायाला धरून त्याला बाहेर ओढलं.

इकडे दुकानात डिंपल फोन कानाला लावून रडत होती. "बाहेर हायेत ताई, बाहेर काढले, बोलून राहिले," असं टीना धापा टाकत म्हणाली, तेव्हा तिने डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. भूपेंद्रभाऊंचा हुकूम अजून पेटीत पडून होता. आणि त्या क्षणी, टीनाचं वाक्य संपतं न संपतं तोच, देवाजींच्या टोकाकडून उत्तर आलं.

येऊ द्या.

फोनमध्ये तिला मोटरची घरघर ऐकू आली. मागोमाग मंगेशचा आवाज. "कोनं सोडलं बे? माया मोबाइल त वर सदऱ्यात हाये!"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून डिंपल गावी गेली. मंगेशचा हात झोळीत होता आणि तोंड बारीक झालं होतं. तिने सगळं सांगितलं, किल्लीचं, हाकांचं, पाण्यातल्या मोबाइलचं. टीनाने पदर तोंडाला लावला. बोगदा बंदच करून टाकू, पेटी काढून फेकू, असं डिंपल म्हणाली. तिला भीतीही वाटत होती आणि लाजही. ज्याला आपण चोर म्हणून दाराबाहेर उभं केलं, त्याला हाका मारायला लावल्या, तो कोण होता, हे तिला तोंडाने उच्चारवत नव्हतं.

शकुंतलाबाईला मात्र यातलं काहीच नवल वाटलं नाही.

"तुया बाबानं जलमभर ओ आल्याबिगर झडप नाई उचलली," ती म्हणाली. "तुमी मशिनीले ओ द्याले लावली. वळनावर मानूसच नाई उभा राहिला. मंग त्याले घरी कसं येता येईन, सांग बरं? ड्युटी सोपवाले कोनी पाहिजे का नाई?"

डिंपलने त्याच दिवशी मोबाइलचं आपोआप उत्तर देणं काढून टाकलं. ओ देणारं नवं टोक केलं, नवी किल्ली, टीनाच्या मोबाइलमध्ये. पाणकराचा घर नंबर आता तिला. हुकूम कोणाचाही असो, टीना वळणावर उभी राहून डोळ्याने बघितल्याशिवाय झडप हलणार नाही. मंगेशने कुरकुर केली नाही. भूपेंद्रभाऊंनी फोनवर केली, ती डिंपलने ऐकून घेतली आणि फोन ठेवून दिला. "देवाजी" हे टोक तिने यादीत राहू दिलं. नंबर नाही, काम नाही, नुसतं नाव.

पुढच्या पाळीला भरदुपारी सगळे तलावावर गेले. डिंपल पाळीवरच्या आंब्याखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, शेजारी माय. ऊन छान पडलं होतं, खाली बांध्यांमध्ये धान वाकू लागलं होतं. मंगेशने हुकूम दिला, आणि मग मोबाइल खिशात घालून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पाळीच्या कडेला जाऊन तोंडाने हाक दिली.

"पानी सुटतेऽऽ होऽऽ!"

खाली वळणावर टीना मोरीत वाकली. नालीच्या काठाने थोडी चालत गेली, परत आली. मग तिने मान वर केली.

"येऊ द्याऽऽ!"

आणि बटण दाबलं. झडप वीतभर उचलली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. तलावाचं पाणी मोरीतून नालीत आणि नालीतून बांध्यांमध्ये पसरत गेलं. लॅपटॉपवर देवाजींचं टोक प्रत्येक हाकेसरशी जागं होत होतं. कोणी त्याला काही विचारत नव्हतं, तरी ते तिथे होतं. रिकाम्या पाकिटांवर रिकामी पाकिटं येत होती.

"हायेत का?" मायने हळूच विचारलं.

"हायेत."

"मंग सांग ना त्यायले, झालं म्हना. आता बसा म्हना."

बोगद्यातून काही सांगता येण्याजोगं नव्हतं. नंबर नसलेल्या टोकाला शब्द पोचत नाही, हे डिंपलला पक्कं माहीत होतं. तिनेच तो काढून घेतला होता. तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. तुडुमाच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. खाली पाणी काळंशार होतं आणि एका जागी हळू फिरत होतं. तिला लहानपणी बाबांनी इथे उभं करून हाक शिकवली होती, ती तिने दिली नव्हती कधी. लाज वाटायची.

"बाबाऽऽ," तिने पाण्याकडे तोंड करून हाक दिली. आवाज फुटत होता, पण तिने पूर्ण दिली. "ओ आलीऽऽ होऽऽ! मानूस उभा हायेऽऽ!"

परत येऊन तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. एक रिकामं पाकीट आलं. ती दुसऱ्याची वाट बघत राहिली. मायही बघत राहिली, काही कळत नसताना. बांध्या भरल्या, मंगेशने झडप खाली घेतली, टीना ओल्या पायांनी पाळ चढून वर आली, तरी दुसरं आलं नाही.

डिंपलला रडू आलं, आणि हलकंही वाटलं. ते नाव तिने आजपर्यंत खोडलेलं नाही. दुकानात यादी उघडली की ते दिसतं, आणि त्याच्यापुढे शेवटच्या भेटीला किती काळ लोटला ते लिहून येतं. तो आकडा रोज वाढतो.